भट्टीला रजई

२६ नोव्हेंबर

प्रकाशदादाला आज फोनवर चांगलं सुनावलं आणि मग हे लिहायला बसले. नवरा, निरंजन, शाळामास्तर, आठवडाभर खकनारला असतो. त्याला सांगितलं तर ‘जाऊ दे ना यार’ म्हणेल. वही निदान तसं म्हणत नाही.

दादाचं म्हणणं असं की माय भाऊबीजेला आली ती आली, आता महिना होत आला, लोक विचारतात. दादाच्या दापोऱ्यात लोकांना दुसरा उद्योगच नाही. आईने लेकीच्या घरी राहायचं नसतं, जावयाच्या घरचं पाणीसुद्धा बेताने प्यायचं, हे सगळं याला या वयात आठवलंय. मी म्हटलं, तुझ्याकडे ती दिवसभर ओसरीवर एकटी बसून केळीचे ट्रक बघते, इथे माझ्याशी भांडते तरी. तर म्हणतो, ‘जावयाच्या घरी बसून खाऊन राहिली ना माय. बरं दिसतं का ते? संक्रांतीले मी घ्यायला येतो. बात खतम.’

बसून खाते. मायने ते ऐकलं. फोन स्पीकरवर होता, चूक माझीच. ती उठून भांडी घासायला लागली, घासलेलीच.

ती गेली तर मला या घरात बोलायला भिंती उरतील. मुलगा स्वप्निल पुण्याला नोकरीत, निरंजन शनिवारी उगवणार. ते काही नाही. माय इथंच राहणार, आणि मानाने राहणार. कसं, ते संध्याकाळी सुचलं.

गल्लीच्या तोंडावरच्या बेकरीत आम्ही बायका पीठ, साखर, तूप घेऊन जायचो आणि नानखटाई भाजून आणायचो. बेकरीवाल्याने दिवाळीआधी लाकडाची भट्टी मोडली, विजेची बसवली आणि घरचं पीठ घेणं बंद केलं. सगळ्या चरफडताहेत. शिवाय मायच्या हातची बट्टी, खरपूस, आत पदर सुटलेली. वरण-बट्टी कोणाला नको असते? परसात विटांची भट्टी बांधायची. नानखटाई माझी, बट्टी मायची. मग बघू कोण बसून खातं ते.

२९ नोव्हेंबर

भिकन मिस्त्री येऊन जागा बघून गेले. जागा अशी एकच आहे, मागच्या खोलीच्या भिंतीला लागून, उन्हाळ्यात कूलर असतो तिथे. मागच्या खोलीत माय झोपते. कूलर गच्चीवर चढवला. त्याचं भिंतीतलं चौकोनी भोक उघडं राहिलं, तर मायने आतून त्यावर कॅलेंडर टांगलं. बाहेरून मी पुठ्ठा ठोकला.

भिकन म्हणाले, ‘ताई, भट्टी नि भिंत यांच्यात वीतभर जागा सोडू. भट्टी फुगते, भिंतीले चीर जाते.’ मला ते पटलं. स्वप्निलने पाठवलेल्या व्हिडिओतही तसंच होतं. त्यातल्या गोऱ्या माणसाला परस केवढा होता. तिथे आमची अख्खी गल्ली बसली असती.

माय ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. भिकन गेल्यावर म्हणाली, ‘तोंड पूर्वेले ठेव व. नि फार मोठी नको. मोठी भट्टी सरपण खाते.’ किती दिवसांनी तिने आपणहून काही सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी उगाच तिच्यावर खेकसले, थंडीत बाहेर बसू नकोस म्हणून.

४ डिसेंबर

कमरेइतका ओटा झाला. त्यावर वाळू, वाळूवर विटांची फरशी. आज घुमट. ओल्या वाळूचा ढीग करायचा, त्यावर भिजवलेले पेपर चिकटवायचे, आणि मग माती-वाळूच्या गाऱ्यात विटा लावत वर जायचं. भिकनचा हात छान चालतो, तोंड त्याहून जास्त. मायने शेवटच्या विटेवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. खोबरं वाटताना शेजारच्या सुकलालभाऊंना म्हणाली, ‘माझ्या लेकीचा कारखाना आहे हा.’ सुकलालभाऊंचे स्वतःचे कापड विणायचे चार लूम आहेत, दिवसभर खटखट चालू असते. ते हसले. मला हसू नाही आलं, डोळे भरून आले.

९ डिसेंबर

तोंडातून वाळू काढली. घुमट उभा राहिला. मी डोकं आत घालून बघितलं, आत ओल्या मातीचा गार वास होता. भिकन बाहेरून ओरडले, ‘ताई, निघा बाहेर, भरवसा नका करू.’ स्वतः बांधलंय आणि म्हणे भरवसा नका करू.

त्यांचं म्हणणं, आता आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा जाळ द्यायचा, ओल जाऊ द्यायची, चिरा पडतील त्या भरायच्या, आणि मग वरून झाकायचं, राख आणि तूस मातीत कालवून. व्हिडिओत भट्टीभोवती कसलीशी पांढरी लोकर गुंडाळतात. ती इंदूरहून मागवायची, कधी येईल ते कोणी सांगेना. आणि संक्रांत तर आली.

११ डिसेंबर

आज मी स्वतःवर खूश आहे.

सकाळी मायच्या दोन जुन्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या, दापोऱ्याहून आणलेल्या. कापूस इतका गठळ्यांचा झालाय की पिंजाऱ्यानेही हात जोडले. मी त्या गाद्यांकडे बघत उभी होते आणि एकदम सुचलं, लोकर लोकर काय करत बसलोय, बुऱ्हाणपुरात राहून? थंडीत माणसाला रजई लागते, तशी भट्टीला. सुकलालभाऊंकडे लूमवरच्या तुटक्या सुताची पोती पडलेली असतात, त्यांनी तीही दिली. भिंतीमागची वीतभर जागा कापसाने ठासून भरली, कूलरच्या भोकासकट. पुठ्ठा काढूनच टाकला, कशाला हवा आता? घुमटावर कापूस आणि सुताचा जाड थर दिला, वर कोंबड्यांची जाळी, वर माती-शेणाचा गिलावा.

भिकन हिशोबी माणूस नाही, पण विनोदी आहे. ‘ताई, तुम्ही तर भट्टीले रजई घालून राहिल्या. आता हिले झोप लागन.’ मी विचारलं, चालेल ना? म्हणाले, ‘वरून माती आहे, खालून वीट आहे. कापसाले आग दिसणारच नाही तं पेटणार कुठून?’ आधी ओल काढायची तेवढी राहिली म्हणाले, पण झाकल्यावर ऊब धरेल, लवकर वाळेल, असं मी म्हटलं. त्यांनाही उद्यापासून फोपनारला केळीवाल्याच्या बंगल्याचं काम होतं. ‘वाफ निघन चार दिवस, घाबरू नका,’ एवढं सांगून गेले.

माय गादीची रिकामी खोळ घडी करत म्हणाली, ‘तुझ्या बापाने निजून निजून मऊ केलेला कापूस होता व.’ मग जरा वेळाने, ‘बरं झालं, कामी आला.’

१३ डिसेंबर

पहिला जाळ, अगदी मूठभर काटक्यांचा. गिलाव्यातून वाफ निघाली. आम्ही दोघी खुर्च्या टाकून, नाटक बघावं तसं बघत बसलो.

१६ डिसेंबर

आज जरा मोठा जाळ दिला. चिरा पडल्यात, केसासारख्या. माती भरली. पुन्हा पडल्या.

मजा म्हणजे मागच्या खोलीची भिंत कोमट झाली. माय हात लावून लहान मुलासारखी हसली. तिचे गुडघे थंडीत आखडतात, रात्रभर कण्हते. मी लगेच तिची खाट ओढून भिंतीला लावली. कॅलेंडर बरोबर तिच्या उशाशी आलं. भुरी मांजर लगेच पायथ्याशी येऊन झोपली, तिला आमंत्रण लागत नाही.

१९ डिसेंबर

काल जाळ दिलाच नाही, सरपण ओलं होतं. तरी आज सकाळी भिंत गरमच. कोमट नाही, चांगली गरम. याला म्हणतात रजई. त्या व्हिडिओतल्या माणसाला फोटो पाठवावासा वाटला.

माय म्हणाली, रात्री गुडघे दुखलेच नाहीत, मेल्यासारखी झोपले. मी म्हटलं, असलं काही बोलू नकोस सकाळी सकाळी.

परसात चिंध्या जळल्याचा वास येतो. सुकलालभाऊंनी कचरा पेटवला असणार. बोलले जाऊन. ते म्हणाले, ‘भाभी, कसम से, मी नाही. मी तर सगळं सूत तुम्हालाच दिलं ना.’ मग दुसरं कोणी पेटवलं असेल. या गल्लीत खरं बोलायची पद्धत नाही.

२२ डिसेंबर

पहिली बट्टी.

मायने रवाळ कणीक मळली, ओवा-हळद-तूप घातलं, गोळे उकडून कापले. मी निखारे बाजूला सारून फरशी पुसली. बट्ट्या आत गेल्या आणि लोखंडी पत्र्याचं दार लावलं. वास सुटला तेव्हा गल्लीतल्या चार बायका न बोलावता आल्या. सगळ्यांना एकेक दिली. एकीने तिथेच संक्रांतीची ऑर्डर दिली, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी तर नानखटाईसाठी डबे आणूनच ठेवले.

बायका मायकडे बघत म्हणाल्या, ‘मावशी, तुम्ही तर गुलाबी झाल्या इथे येऊन.’ खरंच, तिच्या गालांवर कधी नव्हे ती लाली आलीय. दापोऱ्यात नुसती पिवळी पडली होती. मी लगेच तिचा फोटो काढून दादाला पाठवला. खाली लिहिलं, ‘बसून खाणारी.’

संध्याकाळी माझं डोकं ठणकत होतं. धूर आणि आनंद, दोन्ही झेपले नसतील.

२४ डिसेंबर

डोकं आजही. दुपारी मायच्या खोलीत बसून तीळ निवडले, उठले तर चक्कर. चष्म्याचा नंबर वाढला असेल. नाहीतर पित्त.

भुरी मायच्या खोलीत यायची बंद झालीय. उचलून आत नेऊन ठेवली तर नखं मारून पळाली. उंबऱ्याबाहेर फरशीवर बसते, थंडीत कुडकुडत. मांजरांचं काही सांगता येत नाही.

२६ डिसेंबर

निरंजनला सुट्टी. दुपारी मायच्या खोलीत आडवा झाला तो दिवे लागेपर्यंत उठला नाही. उठल्यावर डोकं धरून बसला. म्हणे, ‘ही खोली आहे की क्लोरोफॉर्म? खिडकी तरी उघडत जा.’ खिडकी कशी उघडणार, बाहेर हुडहुडी भरते. आणि हा आठवडाभर मोटरसायकलवर खकनारचं वारं खातो, त्याचं डोकं दुखायला माझी खोली कशाला लागते?

सकाळी पेपर वाचून दाखवत होता. कुठेतरी नवरा-बायको खोलीत सिगडी ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपले, सकाळी उठलेच नाहीत. कोळशाचा गॅस. कळतसुद्धा नाही म्हणे, वास नाही, काही नाही, माणूस झोपेतच जातो. मी म्हटलं, काय अक्कल असते लोकांना, खोलीत सिगडी ठेवतात. आमची भट्टी बाहेर आहे म्हणून बरं. माय म्हणाली, बिचारे थंडीने काकडले असतील.

२९ डिसेंबर

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण इथे नाही लिहिलं तर कुठे?

माय सकाळी उठली ती भेलकांडत. परातीला धरायला गेली, परात पडली. मला ‘कमल’ म्हणाली. कमल म्हणजे माझी मावशी, तिला जाऊन कित्येक वर्षं झाली. मग मोरीत ओकली. मी पाठ चोळली, लिंबू-सरबत दिलं, ओट्यावर उन्हात बसवली. दुपारपर्यंत ठीक झाली, मला ओळखून शिव्या देऊ लागली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग ती हळूच म्हणाली, ‘रूपे, त्या खोलीत माझं डोकं जड होतं व.’

मला काय झालं कोणास ठाऊक. हातातलं काम टाकून मी बोलत सुटले. माझ्या घरात तुझं डोकं जड होतं, आणि तिथे ओसरीवर हलकं होत होतं का? तुझ्यासाठी एवढं सगळं मांडलं, नवऱ्याचं ऐकून घेते, भावाशी भांडते, आणि तुला खोली आवडत नाही. आणखीही काही बोलले, ते लिहीत नाही. माय नंतर पदराने तोंड पुसून म्हणाली, ‘तसं नाही व. बुढापा आहे, डोकं जड व्हायचंच. खोली चांगली आहे. परकाशले सांगू नको फक्त, लगेच गाडी घेऊन येईन तो.’

सांगणार नाहीच. डॉक्टरकडे नेलं तरी बातमी दापोऱ्याला जाणार, त्या दवाखान्यात अर्धं दापोरं बसलेलं असतं. संक्रांत होऊ दे, मग सगळ्या तपासण्या करू.

१ जानेवारी

दादा न सांगता आला. नव्या वर्षाचं म्हणून केळीचा घड घेऊन. माय सकाळचे दहा वाजले तरी उठलेली नव्हती. तो तिच्या खाटेवर बसला, हाका मारल्या, मोठ्याने, अजून मोठ्याने. तिने डोळे उघडले आणि त्याला विचारलं, ‘कोण हाय?’

दादा माझ्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘तू मले एक फोन नाही केला,’ एवढंच म्हणाला. मी म्हटलं, ती रात्री उशिरा झोपली म्हणून. खोटं. तो म्हणाला, ‘किती कोंदट आहे इथं. माझंच डोकं चढून राहिलं.’ मी म्हटलं, तुला माझ्या घराचं सगळंच चढतं. त्याने मायला उचलून गाडीत बसवलं. तिच्या पायात एकच चप्पल होती.

तिचा चेहरा गाडीच्या काचेतून दिसत होता, गुलाबी. सगळ्यांना वाटलं असेल किती ठणठणीत म्हातारी आहे.

४ जानेवारी

भट्टी चालू आहे. ऑर्डरी घेतल्यात, नाही म्हणता येत नाही. बट्टी मी करून बघितली, दगड झाली. नानखटाई बरी जमते.

घुमटावर गिलावा एका जागी बोटभर खचलाय. ठोकलं तर पोकळ वाजतं, माठासारखं. कापूस दबला असेल उबेने. चिरांतून अजून वाफ निघते, आता जरा पिवळट. एवढी ओल कुठून येते देव जाणे. भिकनला फोन केला, म्हणाले फोपनारचं काम संपलं की येतो, तोवर माती भरत राहा.

मायच्या खोलीचं दार उघडलंच नाही. बघवत नाही मला ती खाट. माझं डोकं दुखायचं थांबलंय, एवढं एकच बरं. पण हा आराम नको होता मला.

७ जानेवारी

दापोऱ्याला जाऊन आले.

मनाची तयारी करून गेले होते की माय अंथरुणात असेल, मी पाय धरीन, माफी मागीन. आणि माय कुठे, तर केळीच्या बागेत. हातात विळा, वाळकी पानं कापत होती. मला बघून ताड ताड चालत आली. डोकं ठीक, पोट ठीक, भूक लागते, सगळ्यांची नावं आठवतात, शेजारच्या म्हशीचंसुद्धा. वहिनी म्हणाली, ‘दुसऱ्या दिवशीच बऱ्या झाल्या, काहीच औषध नाही दिलं.’ दादाने मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणलं होतं, त्यातही काही निघालं नाही.

मी चहा घेतला आणि हसले वगैरे, पण आत इतकं लागलं की काय लिहू. माझ्याकडे आजारी, त्याच्याकडे बरी. म्हणजे खरं दुखणं मी आहे. परत येताना बसमध्ये रडले, शेजारच्या बाईने पाणी दिलं.

निघताना माय बसथांब्यापर्यंत आली होती. माझा हात धरून म्हणाली, ‘रूपे, ती खोली...’ आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघितलं असेल तिने. मी विचारलं, खोलीचं काय? ती म्हणाली, ‘काही नाही. ती खोली छान गरम आहे. इथं रात्री गुडघे फार दुखतात. मी येते संक्रांतीले, बट्टीची ऑर्डर आहे ना आपली.’

आपली म्हणाली. बस सुटेपर्यंत उभी होती.

१० जानेवारी

मायने दादाला पटवलं. कसं ते तिलाच ठाऊक. त्याचा फोन आला, आवाज पडलेला. ‘ते म्हणते मले तिथंच करमतं. मी काय बांधून ठेवू का? आणून सोडतो तेराले. संक्रांतीले बट्टी खायला येईन, नि पाहीन कशी आहे ते. चांगली दिसली तर राहू दे तुझ्याकडे. मी नाही बोलणार आता.’

मी फोन ठेवून परसात गेले आणि भट्टीला हात लावून उभी राहिले. कालपासून जाळ नाही तरी गरम. मला ती कोणी बाई असावी असं वाटलं, न सांगता काम करणारी.

१२ जानेवारी

खोली तयार केली. मायला आजारी पाडलं ते थंडीने, माझी खात्री झालीय. खिडकीची फळी नीट बसत नाही, रात्रभर वारं येत असणार, त्यातच ती गारठली. उरलेला कापूस होता, तो फटींत बोटाने दाबून दाबून भरला, वरून चिकटपट्टी. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी शिवली. गच्चीकडचा झरोका पोतं कोंबून बंद केला. आता आत बसलं की लूमची खटखटसुद्धा ऐकू येत नाही. कॅलेंडर नव्या वर्षाचं लावलं. जुनं काढताना दिसलं, त्याची मागची बाजू तपकिरी पडलीय, कडा कुरकुरीत. जुना कागद, दुसरं काय.

गादी नवी घेतली. जुनीतला कापूस भट्टीवर गेला ना.

१३ जानेवारी, भोगी

माय आली. दादाने सकाळी सोडलं आणि चहाही न घेता गेला, पण उंबऱ्यात थांबून माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. मी तेवढ्यावर विरघळले. त्याला म्हटलं, उद्या उपाशी ये.

दिवसभर आम्ही दोघींनी भट्टी अशी पेटवली की तशी अजून कधी पेटवली नव्हती. गल्लीभर ऑर्डरी. माय कणीक मळते, मी भाजते, माय मला शिव्या देते, मी तिला. सुकलालभाऊ भिंतीवरून म्हणाले, ‘भाभी, तुमच्या भट्टीच्या मागून धूर निघतोय बघा.’ बघितलं. खोलीच्या भिंतीकडच्या चिरेतून थोडा निघत होता. ओल्या मातीचा मोठा गोळा थापला, निघायचा थांबला. आता सगळी ऊब आतच राहील, फुकट जायला नको. तोंडावर पत्र्याचं दार लावून कडेने माती लिंपली, म्हणजे निखारे सकाळपर्यंत टिकतील आणि दादा आला की त्याला ताजी बट्टी.

निरंजन उद्या दुपारपर्यंत येतोय. मी ठरवलंय, आज मायजवळच झोपायचं. लग्नानंतर कधी झोपले नाही तिच्याजवळ. आता खाटेवर बसूनच लिहितेय, पाठ भिंतीला टेकून. पोळेल अशी नाही, पण गरम. बाहेर काय थंडी आहे, आणि आत आम्ही दोघी लोण्यासारख्या. भुरीला दोनदा हाक मारली, उंबऱ्यावरून ओरडते नुसती, आत येत नाही. शेवटी दार लावून घेतलं.

मायने एकदाच विचारलं, ‘खिडकीले थोडी फट असू दे का व?’ मी म्हटलं, पुन्हा आजारी पडायचंय का, आणि उद्याच दादा बघायला येतोय. ती म्हणाली, ‘बरं.’ मग पांघरूण माझ्या खांद्यावर ओढलं आणि माझ्या केसांतून बोटं फिरवत राहिली. आता तिचा हात थांबलाय, घोरायला लागली. गाल बघ कसे दिसताहेत, दादाने बघायलाच हवेत. माझेही डोळे मिटायला लागलेत, अक्षर वाकडं येतंय. दिवसभराचा शीण.

दादाचा आत्ताच फोन येऊन गेला. पहाटेच निघतो म्हणाला, केळीची पानं घेऊन, दार उघडं ठेव. मी म्हटलं, आतून कडी असेल, जोरात वाजव, हल्ली आमची झोप फार जड झालीय.